छपरात दडवलेली ज्या

डिसेंबरचा तिसरा आठवडा उलटला की देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये कुंभकोणम हे नाव एकदा तरी येते. २२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, आणि २०११ च्या अखेरीस झालेल्या घोषणेनुसार तोच आपला राष्ट्रीय गणित दिन. याच सुमारास कुंभकोणमला शास्त्र विद्यापीठाचे रामानुजन पारितोषिक एखाद्या तरुण गणितज्ञाला दिले जाते. २००५ साली त्याची सुरुवात झाली तेव्हा मंजुल भार्गव आणि कन्नन सौंदरराजन हे पहिले मानकरी होते; पुढच्या वर्षी टेरेन्स टाओ. पारितोषिकाची वयोमर्यादा ३२ वर्षांची आहे. रामानुजन तेवढेच जगले.

बातमीत मग ठरलेल्या गोष्टी येतात: १७२९ क्रमांकाची टॅक्सी, हार्डींना लिहिलेले पत्र, नामक्कलची नामगिरी देवी. यांत एक प्रसंग सहसा नसतो, कारण त्यात विजय नाही. कुंभकोणमच्या टाउन हायस्कुलात शिकणाऱ्या एका मुलाने काही कागद घराच्या छपरात दडवून ठेवले होते. त्या कागदांवर साइन आणि कोसाइन या दोन त्रिकोणमितीय फलनांविषयीचे सिद्धान्त होते, ते बरोबर होते, आणि ते त्याने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय शोधले होते. दडवण्याचे कारण एवढेच की ते आधीच कोणालातरी माहीत होते.

कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटरवर, वेट्टार नदीच्या काठी, तिरुक्करुगावूर नावाचे गाव आहे. 'करु' म्हणजे गर्भ, 'का' म्हणजे राखणे, 'ऊर' म्हणजे गाव. गर्भ राखणारे गाव, असा नावाचा अर्थ तिथे सांगतात. गर्भरक्षांबिका ही तिथली देवी. एका ऋषिपत्नीचा धोक्यात आलेला गर्भ देवीने कुंभात राखला, अशी स्थलकथा आहे. मूल व्हावे म्हणून आणि बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून दूरदूरच्या स्त्रिया येथे येतात. एकींना प्रसादाचे तूप मिळते, दुसरींना एरंडेल. मराठी वाचकाला हा मुलूख सर्वस्वी परका नाही. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले, त्यांच्या वंशाचे राज्य १८५५ पर्यंत टिकले, आणि त्या काळी इकडे आलेल्या घराण्यांची मराठी आजही तंजावर-कुंभकोणम भागात कानावर पडते.

रामानुजनची आई कोमलतम्माळ हिने मुलासाठी साकडे घातले ते मात्र नामक्कलच्या नामगिरीला. मूल इरोडला, आजोळी जन्मले आणि वाढले कुंभकोणमला, सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील कौलारू घरात. वडील कापडाच्या दुकानात कारकून. कागद महाग, म्हणून मुलगा पाटीवर आकडेमोड करी आणि कोपराने पुसून टाकी. तेव्हा कागदावर उतरलेली गोष्ट त्या घरात मोलाची असणार. जी छपरात गेली ती पाटीवरची नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्या कागदांवर काय होते हे समजायचे तर शाळेतली साइन आधी आठवायला हवी.

दहावीच्या वर्गात ती काटकोन त्रिकोणाच्या आश्रयाने येते. कोनाच्या समोरची बाजू भागिले कर्ण, म्हणजे साइन. ३० अंशांची साइन अर्धा, ९० अंशांची १. नंतर दीपगृह आणि जहाज, झाडाची उंची आणि सावली, अशी उदाहरणे येतात, ती सुटतात, आणि पुष्कळांचा साइनशी संबंध तिथेच संपतो. पण या व्याख्येत एक अडचण पहिल्याच दिवशी दिसायला हवी. काटकोन त्रिकोणात दुसरा ९० अंशांचा कोन बसतच नाही. मग ९० अंशांची साइन आली कोठून? १५० अंशांची? २१० अंशांची? वर्गात हा प्रश्न विचारणारा एखादा असतो, आणि 'पुढच्या वर्षी' हे उत्तर ऐकून तो खाली बसतो.

उत्तर वर्तुळात आहे. एक एकक त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि त्याच्या परिघावर एक बिंदू फिरत ठेवावा. बिंदूची मध्यरेषेपासूनची उंची म्हणजे साइन. बिंदू ३० अंश वर गेला की उंची अर्धी, माथ्यावर १, पलीकडे उतरताना १५० अंशांवर पुन्हा अर्धी, १८० वर शून्य. मग तो मध्यरेषेखाली जातो आणि उंची ऋण होते, २७० अंशांवर उणे १. पूर्ण फेरी झाली की सगळे पहिल्यापासून. साइनचे बहुतेक मूलभूत गुणधर्म या एका चित्रात उघडे आहेत. ती १ च्या वर आणि उणे १ च्या खाली कधी जात नाही, कारण वर्तुळाबाहेर बिंदू नाही. दर ३६० अंशांनी ती स्वतःची पुनरावृत्ती करते. बिंदू उलट दिशेने फिरवला तर किंमत तीच राहते आणि चिन्ह बदलते. अशा फलनाला विषम फलन म्हणतात.

चित्रात सहज न दिसणारा एक गुणधर्म मात्र सर्वांत खोल आहे, आणि तो भारतात फार लवकर ओळखला गेला. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ज्यांची एक सारणी दिली. पाव वर्तुळाचे २४ भाग, प्रत्येक भाग ३ अंश ४५ कलांचा, त्रिज्या ३४३८. ही त्रिज्या मनास येईल तशी घेतलेली नाही. परिघाच्या २१६०० कला धरल्या तर त्रिज्येची लांबी त्याच कलांत ३४३८ भरते. सारणीत आर्यभट ज्या देत नाही, लागोपाठच्या ज्यांमधले फरक देतो: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ आणि पुढे उतरत शेवटचा ७. पहिल्या आठांची बेरीज १७१९ येते, ३४३८ च्या बरोबर अर्धी. आठवा भाग ३० अंशांचा आहे. चोवीसही फरक मिळवले की ३४३८, म्हणजे ९० अंश.

आता त्या फरकांचे फरक पाहावेत: १, २, ३, ४, ५, ५, ६. ते वाढत जातात, आणि ज्या प्रमाणात ज्या वाढते त्याच प्रमाणात वाढतात. आर्यभटाचा नियमच तसा आहे. साइन जितकी मोठी, तितकी तिची वाढ अधिक वेगाने मंदावते. कुंभकोणमच्या जुन्या घरांतून लाकडी झोपाळा असतो, तमिळमध्ये त्याला ऊंजल म्हणतात. तो मध्यापासून जितका दूर जातो तितकी त्याला मागे खेचणारी ओढ वाढते. म्हणूनच त्याचे लहान हेलकावे काळाच्या कागदावर काढले तर साइनची रेषा उमटते. तंबोऱ्याची तार, घरातली वीज, यांच्या मुळाशी हीच ओढ आहे. पंधराशे वर्षांपूर्वी ती २४ आकड्यांच्या उतरणीत पकडली गेली होती.

'साइन' हा शब्दही इथूनच गेला आणि फिरून परका होऊन आला. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. मराठी पाठ्यपुस्तके वर्तुळाच्या दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला आजही जीवाच म्हणतात. गणनेत उपयोगी पडते ती अर्धी जीवा. 'अर्धज्या' म्हणता म्हणता नुसती 'ज्या' उरली. अरबी गणितज्ञांनी 'जीवा' हा शब्द उच्चाराने घेतला, 'जिबा' केला. अरबीत स्वर लिहिण्याची चाल नसल्याने पुढच्या वाचकांनी तीच अक्षरे 'जैब' अशी वाचली. जैब म्हणजे वस्त्राचा छातीवरचा घोळ, खिसा. हिंदीतली 'जेब' तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याचा अर्थ घेतला आणि 'सायनस' लिहिले: घडी, घोळ, वळण, समुद्राचे आखात. नाक चोंदल्यावर डॉक्टर ज्याचे नाव घेतात तोही हाच शब्द. मराठीत या लॅटिन शब्दाला नेमका जोड शोधायचा तर तो 'ओटी' हाच होईल. तमिळमध्ये 'मडि' म्हणजे मांडी आणि वस्त्राचा घोळही. तिरुक्करुगावूरच्या देवीपुढे स्त्रिया जी पसरतात ती. धनुष्याच्या दोरीची अशी ओटी झाली, ती एका चुकीच्या वाचनातून. जगभरच्या शाळांत आज ती चूकच शिकवली जाते आणि त्याने कोणाचे काही बिघडलेले नाही.

रामानुजनला शाळेत मिळाली ती इंग्रजी पुस्तकांतली साइन. त्याच्या निधनानंतर पी. व्ही. शेषू अय्यर आणि आर. रामचंद्र राव यांनी लिहिलेल्या चरित्रलेखात असे आहे की चौथ्या फॉर्ममध्ये असताना त्याने शेजारच्या बी. ए. च्या विद्यार्थ्याकडून लोनीच्या त्रिकोणमितीचा दुसरा भाग आणला आणि सगळा सोडवून टाकला. पुढे तो बी. ए. चा विद्यार्थीच अडलेली उदाहरणे घेऊन या मुलाकडे येऊ लागला. पाचव्या फॉर्ममध्ये त्याने साइन आणि कोसाइनविषयीचे ऑयलरचे सिद्धान्त स्वतः मिळवले, आणि ते आधीच सिद्ध झालेले आहेत हे कळल्यावर कागद छपरात लपवले. हार्डी मात्र सांगतात की ही निराशा त्याच्या वाट्याला आली ती बहुधा लोनीच्या त्या दुसऱ्या भागातूनच. दोन्ही हकिकतींचा क्रम नीट जुळत नाही. ज्यात उत्तर छापलेले आहे ते पुस्तक आधी संपवून मग तेच उत्तर नव्याने शोधणे कठीण. चरित्रकारांनी यावर फारसा खल केलेला नाही, आणि करण्याची गरजही नाही. छपराविषयी कोणाचे दुमत नाही.

ते सिद्धान्त कोणते? हार्डींच्या समजुतीप्रमाणे वर्तुळीय फलने आणि घातांकी फलन यांच्यातला संबंध. वाक्य अवघड वाटते. आकड्यांतून ते सोपे होते.

कोन अंशांत न मोजता कंसाच्या लांबीने मोजावा. त्रिज्या १ असली तर ३० अंशांचा कंस ०.५२३५९८८ लांबीचा. आता या संख्येतून तिचा घन भागिले ६ वजा करावा: ०.४९९६७ उरतात. त्यात पाचवा घात भागिले १२० मिळवावा: ०.५००००२. सातवा घात भागिले ५०४० वजा करावा: ०.४९९९९९९९. पुढची पदे इतकी लहान होत जातात की बेरीज अर्ध्यावर स्थिरावते. ६ म्हणजे १ ते ३ चा गुणाकार, १२० म्हणजे १ ते ५ चा, ५०४० म्हणजे १ ते ७ चा. त्रिकोण नाही, कर्ण नाही, दीपगृह नाही; एक संख्या, तिचे विषम घात, आळीपाळीने उणे-अधिक, आणि साइन हातात येते.

या श्रेणीकडे पाहणाऱ्याला एक गुणधर्म तत्काळ दिसतो. घात सगळे विषम आहेत, म्हणून कोनाचे चिन्ह बदलले की साइनचे बदलणार. 'विषम फलन' हे नाव इथे आपोआप पटते. पण बाकीचे गुणधर्म श्रेणीत पार लपून बसलेले असतात. १० एवढा कंस घेऊन पाहावे. पहिले पद १०, दुसरे १६६ च्या वर, तिसरे ८३३, चौथे १९८४, पाचवे २७५५, सहावे २५०५. अशा प्रचंड संख्यांची अधिक-उणे झटापट चालते, आणि अखेर हाती येते ते उणे ०.५४४. हजारांच्या या गर्दीतून येणारे उत्तर १ आणि उणे १ यांच्या मर्यादेत राहील हे त्या पदांकडे पाहून कोणी सांगेल काय? कंसाची लांबी ६.२८३ च्या थोडी पुढे वाढली की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार, हे सांगेल काय? वर्तुळात जे उघडे होते ते श्रेणीत गुप्त झाले, आणि वर्तुळात जे गुप्त होते ते इथे उघडे.

घातांकी फलनाची श्रेणी हिची सख्खी बहीण आहे: १, अधिक संख्या, अधिक तिचा वर्ग भागिले २, अधिक घन भागिले ६, असे सगळेच घात, सगळे अधिक. चक्रवाढ व्याज, जंतूंची वाढ, या गोष्टी त्या फलनाच्या. एकदा चढू लागले की ते थांबत नाही. साइनचे हेलकावे आणि याची बेबंद चढण यांत वरवर काहीच साम्य नाही. पण त्या श्रेणीत संख्येबरोबर उणे १ चे वर्गमूळ गुंफले की पदे आपसूक दोन रांगांत विभागतात, आणि अधिक-उणे चिन्हांसह एका रांगेत कोसाइन उभी राहते, दुसऱ्या रांगेत साइन. ऑयलरने हे १७४८ साली छापले. कुंभकोणमच्या घरात त्या मुलाला ते दिसले तेव्हा साइन त्रिकोणातून कायमची सुटली असणार.

आणि मग पुस्तकात तेच छापलेले सापडले.

आपण शोधलेली गोष्ट जुनी निघाली, तर ज्याला गुरू आहे तो गुरूकडे जातो. गुरू हसून म्हणतो, तू बरोबर वाटेवर आहेस. कुंभकोणमला त्या मुलाला असे सांगणारा कोणी दिसत नाही. शाळेत बक्षिसे होती, कौतुक होते, पण ऑयलरच्या वाटेने एकट्याने चालत आलेल्या मुलाने काय केले आहे हे ओळखणारा माणूस नव्हता. त्यामुळे जी गोष्ट अभिमानाची होती तिची लाज वाटली. चोरीचा आळ येईल असे वाटले असेल, की नुसते हसे होईल असे? कागद फाडले नाहीत, जाळले नाहीत, एवढे मात्र खरे. दडवले.

यातली विसंगती पुढे अनेक वर्षांनी स्पष्ट झाली. साइनची ती अनंत श्रेणी ऑयलरचीही नव्हती. युरोपात ती न्यूटनला सतराव्या शतकात मिळाली होती, आणि त्याच्याही अडीचशे-तीनशे वर्षे आधी केरळात संगमग्रामच्या माधवाला. माधवाचा काळ साधारण १३४० ते १४२५. त्याच्या परंपरेतल्या ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात 'युक्तिभाषा' लिहिली, मलयाळममध्ये, आणि तीत या श्रेणीची उपपत्ती सविस्तर दिली. आर्यभटाचे फरकांचे फरक हीच तिथली शिडी आहे. उणे १ च्या वर्गमुळाची गाठ मात्र केरळात कोणी बांधली नव्हती. ते श्रेय युरोपचेच, आणि अभिमानाच्या भरात ते इकडे ओढण्यात काही अर्थ नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मलबारमधील चार्ल्स व्हिश या अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात या केरळी ग्रंथांवर लंडनमध्ये निबंध छापला. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९४० च्या दशकात सी. टी. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय पुन्हा पुढे आणला, तोवर रामानुजनला जाऊन वीसहून अधिक वर्षे झाली होती. म्हणजे कावेरीच्या काठच्या मुलाला आपली साइन 'आधीच माहीत आहे' हे केंब्रिजचे पुस्तक सांगू शकले, आणि ती शेजारच्या मुलखात पाच शतकांपूर्वीच माहीत होती हे कोणीच सांगू शकले नाही. त्याच्याभोवती ज्या नव्हती असेही नाही. जॉन वॉरन यांनी १८२५ च्या 'कालसंकलित' ग्रंथात पाँडिचेरीच्या एका तमिळ पंचांगकर्त्याचे वर्णन केले आहे. जमिनीवर कवड्या मांडून, पाठ असलेल्या सारण्यांच्या आधारे तो चंद्रग्रहण वर्तवी. गणित चालू होते. त्याचा 'का' मागे पडला होता.

याबाबतीत महाराष्ट्राने फार मान वर करावी असे नाही. भास्कराचार्याने ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला. त्यातल्या ज्योत्पत्तीच्या प्रकरणात दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढण्याचे नियम आहेत, जे आज अकरावीत सूत्र म्हणून पाठ केले जातात. चाळीसगावजवळच्या पाटणला इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे: भास्कराचार्याचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची त्यात नोंद आहे, आणि लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. आजोबांचे गणित नातवाने राखावे म्हणून मराठीत दगडावर कोरून ठेवलेले आहे. पाटणादेवीला सहलीला जाणाऱ्या किती शाळा मुलांना तो दगड आणि अकरावीचे सूत्र यांचा संबंध सांगतात?

कुंभकोणमच्या मुलाचे पुढे काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. १९०३ मध्ये कारचा सूत्रसंग्रह हाती आला, हजारो सूत्रे आणि सिद्धता जवळजवळ नाहीत. इतर विषयांकडे दुर्लक्ष झाले, कॉलेजची शिष्यवृत्ती गेली, परीक्षा गेल्या. १९११ साली त्याचा पहिला शोधनिबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला. ही परिषद १९०७ साली स्थापन झाली होती आणि तिचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजमध्ये होते, रँग्लर परांजप्यांच्या देखरेखीखाली. निबंधाचा विषय बर्नुली संख्या. त्याची सुरुवात होते ती एका सुविदित विस्तारापासून: कोनाला कोसाइनने गुणून साइनने भागले असता येणारी श्रेणी. सुविदित असे निबंधात स्पष्ट म्हटले आहे, आणि ती ज्या इंग्रजी पुस्तकात आहे त्याचा उल्लेखही केला आहे. साइन पुन्हा पायाशी आहे, आणि या वेळी ती इतरांना माहीत असण्याचे काही वाटलेले दिसत नाही.

हार्डींनी पुढे अंदाज केला आहे की भारतात असताना रामानुजनने केलेल्या उत्तमोत्तम कामापैकी सुमारे दोन तृतीयांश हे पुनःशोध होते. हार्डींच्या लेखी ती एका एकट्या, गरीब माणसाने साऱ्या युरोपच्या संचिताशी केलेली झुंज होती. छपरातले कागद त्या दोन तृतीयांशांतले अगदी पहिले. पुनःशोधाला कमी लेखण्याची आपली सवय परीक्षेच्या धाकातून आलेली आहे. तिथे उत्तर दुसऱ्याच्या वहीत सापडले तर तो गुन्हा असतो. गणितात एकच गोष्ट दोघांना स्वतंत्रपणे सापडणे ही ती खरी असल्याची खूण आहे. साइनची श्रेणी माधवाला सापडली, न्यूटनला सापडली. तिथवर स्वतःच्या पायांनी पोचलेला पंधरा वर्षांचा मुलगा उशिरा आला म्हणून छोटा कसा ठरतो?

१९१८ साली, केंब्रिजमध्ये असताना, रामानुजनने काही त्रिकोणमितीय बेरजांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या बेरजा आज त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांचे एक साधे उदाहरण असे: वर्तुळाचे पाच समान भाग करावेत आणि ७२, १४४, २१६ आणि २८८ अंशांच्या कोसाइन मिळवाव्यात. ०.३०९, उणे ०.८०९, उणे ०.८०९, ०.३०९. प्रत्येकीचे दशांश कधी न संपणारे, आणि बेरीज नेमकी उणे १. त्याच चार कोनांच्या साइन मिळवल्या तर शून्य येते, कारण ७२ आणि २८८ या एकाच कोनाच्या दोन उलट फेऱ्या आहेत, १४४ आणि २१६ याही तशाच, आणि साइन विषम असल्याने जोडीजोडीने मिटून जाते. शाळेच्या पहिल्या आठवड्यात शिकवला जाणारा तो गुणधर्म इथे मुकाट्याने काम करतो. एखाद्या मोजमापात दडलेले आवर्तन हुडकण्यासाठी अलीकडे संकेत-प्रक्रियेचे अभियंते या बेरजा वापरू लागले आहेत.

त्या निबंधाच्या आरंभी रामानुजनने वाचकाला सांगितले आहे की या बेरजा साहजिकच अतिशय मनोवेधक आहेत आणि त्यांचे काही गुणधर्म पूर्वीच चर्चिले गेले आहेत. मात्र या निबंधात घेतला आहे त्या दृष्टिकोनातून त्यांचा विचार, त्याच्या माहितीप्रमाणे, कोणी केलेला नाही, आणि यातले सर्व निष्कर्ष नवे आहेत असे त्याला वाटते. पूर्वी कोणी काय लिहिले त्याचा संदर्भ त्याने खाली तळटीपेत दिला आहे.